जमिनीचा हिशेब आणि दोन मापे

१९५१ च्या मार्च महिन्यात, काही दिवसांच्या अंतराने, दोन सरकारांनी दोन निर्णय जाहीर केले. इराकने कायदा केला की देश सोडण्यासाठी ज्या ज्यूंनी नागरिकत्वाचा त्याग केला आहे, त्यांची घरे, दुकाने आणि बँकेतील ठेवी गोठवून सरकारी ताब्यात घेतल्या जातील. त्यानंतर इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे शारेट यांनी संसदेत सांगितले की, इराकमध्ये अडकलेल्या या मालमत्तेची किंमत इस्रायलने पॅलेस्टिनी अरबांना द्यावयाच्या भरपाईच्या हिशेबात धरली जाईल. म्हणजे एका राज्याने बगदादच्या ज्यू व्यापाऱ्याचे दुकान घेतले, दुसऱ्याने जाफाच्या अरब बागायतदाराची संत्र्याची बाग घेतली, आणि या दोन माणसांच्या नुकसानीची परस्पर वजावट करण्याचे ठरले. त्या व्यापाऱ्याला किंवा त्या बागायतदाराला कोणी विचारले नाही. त्यांनी एकमेकांचे काही बिघडवलेले नव्हते, आणि बहुधा आयुष्यात कधी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नव्हते.

ज्यू आणि अरब यांच्यातील भूमिसंघर्षाविषयी आपल्याकडे जे लिहिले आणि बोलले जाते त्यात धर्मग्रंथ, प्राचीन वचने आणि हजारो वर्षांचे वैर यांचा उल्लेख पहिल्या दोन-तीन वाक्यांतच येतो. जेरुसलेमचे पावित्र्य खोटे नाही आणि ज्यूंची त्या भूमीची ओढही खोटी नाही. पण आज ज्या भांडणात माणसे मरत आहेत त्याचे वय सुमारे दीडशे वर्षांचे आहे, आणि त्याचा माग प्राचीन पोथ्यांपेक्षा महसुली दप्तरांत, खरेदीखतांत आणि जप्तीच्या हुकमांत अधिक स्पष्टपणे काढता येतो. तो माग काढला की एक गोष्ट वारंवार दिसते. माणसाचा स्वतःच्या घरावरचा आणि शेतावरचा हक्क त्याच्या राष्ट्राच्या खात्यात वळता केला गेला, आणि एकदा तो तिथे गेला की त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार त्या माणसाकडे उरला नाही. हा हिशेब पुन्हा माणसाच्या नावावर मांडला गेला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना एकच माप लावले गेले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. सीमा कुठे आखायची, राज्ये एक की दोन, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांचे उत्तर काहीही निघाले तरी हे काम चुकवता येणार नाही.

सुरुवात ओटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या काळापासून करावी लागते. हक्क, मालक, कब्जा, वक्फ हे आपल्या महसुली भाषेतले शब्द मुळात अरबीतून आलेले असल्यामुळे मराठी वाचकाला तिथली व्यवस्था समजणे फारसे अवघड जाऊ नये. १८५८ च्या ओटोमन भूमी कायद्यानुसार पॅलेस्टाइनमधील बरीचशी शेतजमीन 'मीरी' या वर्गात मोडत असे. तिची अंतिम मालकी राज्याची आणि वहिवाटीचा हक्क कसणाऱ्याचा. अनेक गावांत जमीन 'मुशा' पद्धतीने सामाईक असे, आणि ठरावीक काळाने कुटुंबांत तिचे फेरवाटप होई. नव्या कायद्याने प्रत्येक तुकड्याची नोंद व्हावी असे सांगितले. पण नोंद झाली की कर वाढणार आणि मुलगा लष्करभरतीच्या यादीत जाणार, ही भीती शेतकऱ्याला होती. म्हणून कित्येक ठिकाणी जमीन गावातल्या किंवा शहरातल्या वजनदार माणसाच्या नावे लागली, कसणारा मात्र पूर्वीप्रमाणे कसत राहिला. कागद आणि नांगर यांची फारकत इथे झाली.

या फारकतीचे सर्वांत ठळक उदाहरण मर्ज इब्न आमिर, म्हणजे जेझ्रीलच्या खोऱ्यातले आहे. १८७० च्या आसपास बैरुतच्या सुर्सुक या धनाढ्य कुटुंबाने ओटोमन सरकारकडून या खोऱ्यातली विस्तीर्ण जमीन विकत घेतली. शेतकरी तिथेच राहिले, बैरुतच्या मालकाला उत्पन्नाचा वाटा देत राहिले, आणि मालक बदलला तरी कूळ हलत नाही या जुन्या रिवाजावर विसंबून राहिले. पुढे ज्यू संस्थांनी याच कुटुंबाकडून जमीन घ्यायला सुरुवात केली तेव्हा तो रिवाज मोडला. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचे तत्त्व असे होते की घेतलेली जमीन कधीही विकायची नाही, ती ज्यू जनतेची सामाईक ठेव म्हणून राखायची. त्यातच त्या काळात आलेल्या तरुण स्थलांतरितांनी 'शेतीतले श्रमही ज्यूंचेच' असा आग्रह धरला. स्वतः राबून जमीन कसण्याची त्यांची जिद्द मला आदरणीय वाटते. युरोपात ज्यांना शतकानुशतके जमीन धारण करू दिली गेली नव्हती त्या समाजाची ती मुले होती. पण त्या जिद्दीचा परिणाम असा झाला की जमिनीबरोबर कूळही उठले. १९१० मध्ये फुला गावची जमीन विकली गेली तेव्हा नाझरेथचा ओटोमन अधिकारी शुक्री अल-असली याने तो व्यवहार रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचे काही चालले नाही. १९२० च्या दशकात ब्रिटिश अमलाखाली खोऱ्यातली आणखी गावे त्याच वाटेने गेली.

हे सगळे कायदेशीर होते. विकणाऱ्याने राजीखुशीने विकले, घेणाऱ्याने चढी किंमत मोजली. जमीनविक्रीविरुद्ध जाहीर भाषणे करणाऱ्या काही प्रतिष्ठित अरब कुटुंबांनीही आतून जमिनी विकल्या, ही गोष्ट पॅलेस्टिनी इतिहासकारही नाकारत नाहीत. तरीही जो माणूस तीन पिढ्या ती जमीन नांगरत होता त्याची सही त्या कागदावर कुठेच नव्हती. हे सर्वप्रथम नेमकेपणाने ओळखणाऱ्यांत एक ज्यू शिक्षक होता. गॅलिलीतील रोश पिना येथे शिकवणाऱ्या यित्झाक एपस्टाइन यांनी १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे व्याख्यान दिले, ते १९०७ मध्ये छापून आले. आपण कायद्याने निर्दोष असू, पण ज्यांना आपण उठवतो त्यांच्या दृष्टीने आपण कोण आहोत, हा प्रश्न त्यांनी आपल्याच झायोनवादी, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय घर उभारू पाहणाऱ्या चळवळीला विचारला. त्यांच्यावर टीका झाली आणि तो विषय बाजूला पडला. ही चळवळीची मोठी चूक होती असे मला वाटते, कारण त्या वेळी संख्या लहान होती आणि तडजोडीला जागा होती.

पुढे जागा आकसत गेली. १९२९ मध्ये हेब्रॉनमध्ये ६७ ज्यूंची हत्या झाली. त्यांतले बरेच जण झायोनवादाशी संबंध नसलेले, पिढ्यानपिढ्या अरब शेजाऱ्यांमध्ये राहणारे होते, आणि जे वाचले त्यांतल्या कित्येकांना अरब शेजाऱ्यांनीच घरात लपवले होते. त्याच सुमारास ज्यू राष्ट्रीय निधीने किनारपट्टीवरील वादी हवारिथची सुमारे ३०,००० दुनम जमीन घेतली. एक दुनम म्हणजे साधारण १० गुंठे. तिथल्या कुळांना न्यायालयाच्या हुकमाने, पोलिसांकरवी हलवण्यात आले. ब्रिटिश सरकारने भूमिहीन झालेल्या अरबांची नोंद करण्याचे ठरवले तेव्हा ३,२७१ अर्ज आले आणि त्यांतले केवळ ६६४ मान्य झाले. कारण भूमिहीन कोणाला म्हणायचे याची व्याख्याच अरुंद होती. ज्याला दुसरीकडे थोडी जमीन किंवा दुसरे काही काम मिळाले तो यादीतून बाद, आणि ज्याची फक्त चराई किंवा शेतमजुरी गेली तो तर विचारातच नाही. आपल्याकडे धरणग्रस्तांच्या याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

परंतु याच वर्षांत दुसऱ्या बाजूला काय चालले होते ते विसरून या व्यवहारांचा निवाडा करणे अप्रामाणिक ठरेल. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह येथे ज्यूंची कत्तल झाली. १९२४ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचे दार जवळजवळ लावून घेतले. १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले आणि हिटलरच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या ज्यूंना सामावून घ्यायला त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच तयार झाले नाही. १९३९ मध्ये ब्रिटनने पॅलेस्टाइनमध्ये येणाऱ्या ज्यूंची संख्या पाच वर्षांसाठी ७५,००० वर आणून ठेवली, आणि त्या पाच वर्षांत युरोपात काय झाले हे जगाला माहीत आहे. ज्या माणसाला जगात कुठेच उतरू दिले जात नव्हते त्याच्यासाठी एक दुनम जमीन हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. मात्र त्याला नाकारणारे बर्लिन, लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये होते, आणि किंमत मोजणारा वादी हवारिथमध्ये होता.

विकत घेतलेल्या जमिनीचे प्रमाण १९४७ पर्यंत पॅलेस्टाइनच्या एकूण क्षेत्रफळाच्या ७ टक्क्यांच्या आसपासच होते. बाकीचा फेरफार युद्धाने केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर केली. भारताने विरोधात मत दिले. लोकसंख्येत एक तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या राज्याला सुमारे ५५ टक्के भूमी मिळाली. अरब नेतृत्वाने ठराव फेटाळला, युद्ध झाले, आणि १९४९ च्या शस्त्रसंधीनंतर इस्रायलकडे ७८ टक्के भूमी होती. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले आणि ४०० हून अधिक गावे ओस पडली. काही जण लढाईच्या भीतीने पळाले आणि काहींना बंदुकीच्या धाकाने घालवले, यावर अजून वाद होतो. मला तो वाद जमिनीच्या बाबतीत निर्णायक वाटत नाही. तोफांच्या आवाजाने घर सोडलेल्या माणसाने घराचा हक्क सोडलेला नसतो.

इस्रायलने १९५० मध्ये अनुपस्थितांच्या मालमत्तेचा कायदा करून ही जमीन एका सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात दिली. या कायद्याचा एक धागा आपल्या उपखंडात पोहोचतो, ही बाब आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. तो घडवताना इस्रायली कायदेतज्ज्ञांनी फाळणीनंतर पाकिस्तानने काढलेल्या, परागंदा हिंदू-शिखांच्या मालमत्तेविषयीच्या वटहुकमांचा नमुना वापरला होता. भारतानेही तशाच धर्तीचे कायदे केले. लाहोरची हवेली, दिल्लीतले घर आणि हैफातला वाडा यांचे नशीब अशा रीतीने जवळपास सारख्याच शब्दांत लिहिले गेले. इस्रायलच्या कायद्याने एक विलक्षण वर्गही निर्माण केला. जे अरब युद्धात शेजारच्या गावी गेले, पण देशातच राहिले, इस्रायलचे नागरिक झाले, करही भरू लागले, तेसुद्धा त्यांच्या जमिनीपुरते अनुपस्थित ठरले. 'हजर असलेले गैरहजर' असा शब्दप्रयोग तिथे रूढ झाला. १९७६ मध्ये गॅलिलीत नव्याने जमीन संपादन करण्याविरुद्ध ३० मार्चला अरब नागरिकांनी संप केला, त्यात सहा जण मारले गेले, आणि तो दिवस आजही 'भूमी दिन' म्हणून पाळला जातो.

याच दशकांत अरब देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू बाहेर पडले. बगदादमध्ये १९४१ साली त्यांची कत्तल झाली होती, आणि १९४८ नंतर त्यांना राहणे अशक्य करून टाकण्यात आले. अरब बाजू या मालमत्तेचा विषय निघाला की गप्प होते, ते मला पटत नाही. बगदादच्या ज्यूंनी पॅलेस्टाइनमधल्या कोणालाही हुसकावले नव्हते; त्यांच्याकडून सूड उगवण्याचा कोणाला काही अधिकार नव्हता.

आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल समाजाची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कोणी हाकलले नाही. पेणकर, नवगावकर, केहिमकर अशी गावांची नावे आडनावांत घेऊन ते १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, दिमोना, बेरशेबा, अश्दोद, तसेच लोद आणि रामले या गावांत वसले. लोद आणि रामले या दोन गावांतून १९४८ च्या जुलैत पन्नास हजारांहून अधिक अरबांना बाहेर काढण्यात आले होते. लोदला उतरलेल्या मराठीभाषक कुटुंबाचा त्यात काहीच दोष नव्हता. त्यांना तर स्वतःचे ज्यूपण मान्य करून घेण्यासाठी १९६० च्या दशकात तिथल्या धर्मगुरूंशी झगडावे लागले. पण गावाचे नाव आडनावात पिढ्यान्‌पिढ्या जपणारा हा समाज जिथे वसला, तिथून गेलेली माणसेही निर्वासितांच्या छावण्यांत आपल्या मोहल्ल्यांना जुन्या गावांची नावे देऊन राहत होती. गाव सुटले तरी नाव सुटत नाही, हे समजायला मराठी माणसाला पुस्तक वाचावे लागत नाही.

आता दोन मापांविषयी. १९४८ मध्ये पूर्व जेरुसलेम जॉर्डनच्या हाती गेले तेव्हा तिथल्या ज्यूंची घरे आणि जागा जॉर्डनने शत्रू मालमत्ता म्हणून ताब्यात घेतल्या. १९६७ मध्ये इस्रायलने पूर्व जेरुसलेम जिंकले, आणि १९७० च्या कायद्याने या जागा मूळ ज्यू मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत मागता येऊ लागल्या. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही. ज्याचे घर गेले त्याला ते मिळावे. पण त्याच शहराच्या पश्चिम भागात, त्याच युद्धात, अरबांची घरे गेली, आणि त्यांच्या वारसांना तोच दावा त्याच न्यायालयात करता येत नाही, कारण त्यांच्या बाबतीत १९५० चा कायदा आड येतो. पूर्व जेरुसलेममधील शेख जर्राह या वस्तीत जे पॅलेस्टिनी कुटुंब घर खाली करण्याच्या दाव्याला तोंड देत असते, ते अनेकदा पश्चिम जेरुसलेममधून, हैफातून किंवा जाफातून निर्वासित होऊन आलेले असते. १९४८ चे खाते एकासाठी उघडे आणि दुसऱ्यासाठी बंद, असा हा प्रकार आहे. इस्रायलच्या न्यायव्यवस्थेविषयी आदर बाळगणाऱ्या माझ्यासारख्याला याचे समर्थन कोणत्याही मार्गाने करता आलेले नाही.

वेस्ट बँकमध्ये, म्हणजे इस्रायलने १९६७ मध्ये जिंकलेल्या जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशात, जुना ओटोमन कायदाच नव्या कामाला लावला गेला. १९७९ मध्ये नाब्लूसजवळच्या रुजैब गावातील खासगी जमिनीवर एलोन मोरे ही वसाहत उभारण्यास इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. तो निकाल धाडसाचा होता. पण त्यानंतर सरकारने खासगी जमीन लष्करासाठी घेण्याऐवजी, जी सलग कसली जात नाही ती 'राज्याची जमीन' म्हणून घोषित करण्याचा मार्ग धरला. खडकाळ टेकड्यांवर दगडांच्या सांदीत ऑलिव्ह लावणाऱ्या शेतकऱ्याला सलग कसणूक सिद्ध करणे कठीण. शिवाय जॉर्डनच्या काळात सुरू झालेले जमीन नोंदणीचे काम लष्करी हुकमाने १९६८ मध्ये थांबवले गेल्यामुळे बहुतेकांकडे पक्का उतारा नव्हताच. ज्या कायद्याची भीती पणजोबाला वाटली होती, त्याच्या नोंदीचा अभाव पणतूच्या मुळावर आला. आज पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकमध्ये सुमारे पाच लाख इस्रायली वसाहतकार राहतात.

गाझाच्या लोकसंख्येपैकी सुमारे ७० टक्के लोक १९४८ च्या निर्वासितांचे वंशज आहेत. सीमेपलीकडचे स्देरोत हे गाव १९५१ मध्ये नज्द या ओस पडलेल्या अरब गावाच्या जमिनीवर वसले, आणि तिथे वसवले गेलेले कित्येक जण इराण, कुर्दिस्तान आणि मोरोक्कोतून आलेले, स्वतः सर्वस्व मागे सोडलेले ज्यू होते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने या परिसरात सुमारे १,२०० माणसे मारली आणि २५१ जणांना पळवून नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार, ६० हजारांहून अधिक माणसे मेली. नज्दची जमीन गेली म्हणून स्देरोतच्या रहिवाशाला मारणे न्याय्य ठरत नाही, आणि स्देरोतमध्ये माणसे मारली गेली म्हणून गाझातली घरे मुलाबाळांसह गाडणे न्याय्य ठरत नाही. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वेस्ट बँक, गाझा आणि पूर्व जेरुसलेमवरील इस्रायलचा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. ते मत योग्य आहे. पण ताबा उठल्यानेही १९४८ चे खाते आपोआप मिटणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लक्षावधी निर्वासितांनी आणि त्यांच्या वंशजांनी एकाच वेळी घरी परतायचे ठरवले तर ज्यूंचे बहुसंख्याकत्व संपेल, आणि जगात ज्या एका जागी ज्यूंना दार बंद होणार नाही ती जागाही उरणार नाही. एव्हियाँचा इतिहास माहीत असलेल्याने ही भीती हसण्यावारी नेऊ नये. मात्र मालमत्तेचा हक्क मान्य करणे आणि सर्वांनी त्याच जागी परतणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या ११ डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावातच न परतणाऱ्यांसाठी भरपाईची तरतूद आहे. पुरावे नाहीत असेही म्हणता येत नाही, कारण त्याच ठरावाने नेमलेल्या समझोता आयोगाने १९६४ पर्यंत अरब मालमत्तेच्या लाखो नोंदी मालकांच्या नावांसह तयार केल्या आणि त्या न्यूयॉर्कमध्ये जतन केलेल्या आहेत. बगदाद, कैरो आणि त्रिपोलीच्या ज्यूंसाठीही अशीच नोंद करून त्या त्या सरकारांकडून वसुली व्हायला हवी. मोबदला पैशांत असेल, पर्यायी जमिनीत असेल, क्वचित मूळ घर असेल. पण तो माणसाला किंवा त्याच्या वारसाला मिळावा आणि दोन सरकारांनी तो आपसांत वळता करू नये. शारेट यांच्या त्या वजावटीतली चूक हीच होती.

हे काम कोणत्याही शांतता कराराची वाट न पाहता सुरू करता येण्यासारखे एक गाव लेबनॉनच्या सीमेजवळ आहे. इक्रितच्या अरब ख्रिस्ती गावकऱ्यांनी १९४८ मध्ये प्रतिकार केला नाही. दोन आठवड्यांत परत या, असे सांगून लष्कराने त्यांना हलवले. ते इस्रायलचे नागरिक झाले, न्यायालयात गेले, आणि १९५१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास लष्कराने चर्च तेवढे सोडून गावातली घरे सुरुंगाने उडवली. १९७२ मध्ये गोल्डा मेयर यांच्या सरकारने परतीला नकार दिला, कारण एकाला दिले तर इतरही मागतील; १९९० च्या दशकात एका मंत्रिस्तरीय समितीने काही कुटुंबांना परतू द्यावे अशी शिफारस केली, तीही अमलात आली नाही; आणि २००३ मध्ये न्यायालयानेच सरकारचे म्हणणे उचलून धरले. १९७० च्या दशकापासून इक्रितच्या लोकांना आपली माणसे गावच्या दफनभूमीत पुरण्याची परवानगी आहे. अंत्यविधी उरकला की सगळ्यांनी टेकडी उतरून निघून जायचे असते.